खिशातला चाकू आणि रस्त्यावरचा अंधार

घडीचा चाकू कोणता घ्यावा, त्याचे पाते किती लांब असावे, ते एका हाताने उघडावे की दोन्ही हातांनी, आणि वेळप्रसंगी त्याने स्वतःचे रक्षण होईल काय, हे प्रश्न आता केवळ गिर्यारोहकांचे राहिलेले नाहीत. रात्रपाळीहून परतणारा कामगार, रुग्णालयातून उशिरा सुटणारी परिचारिका, शिकवणीहून येणारा विद्यार्थी यांच्याही मनात ते येऊ लागले आहेत. बाजाराने या भयाची दखल तत्परतेने घेतली आहे. ‘रोजच्या वापरासाठी आणि स्वसंरक्षणासाठी’ अशी दुहेरी शिफारस करून एकच वस्तू विकली जाते. या दोन हेतूंची जी गाठ विक्रेत्याने मारली आहे, ती प्रथम सोडविली पाहिजे. पहिल्या हेतूचे उत्तर अवजाराच्या घडणीत सापडते. दुसऱ्याचे उत्तर समाजाच्या घडणीत शोधावे लागते.

अवजार म्हणून घडीच्या चाकूची निवड अवघड नाही. दोर कापणे, खोक्याची पट्टी तोडणे, तारेवरचे आवरण सोलणे, फळ चिरणे या कामांना अडीच ते तीन इंचांचे पाते पुरेसे होते. पाते उघडल्यावर ते जागीच अडकवून ठेवणारा खटका असावा. नुसत्या स्प्रिंगच्या ताणावर उभे राहणारे पाते जोर देताच मिटते आणि वापरणाऱ्याचीच बोटे कापते. साध्या कार्बनी पोलादाला धार चटकन लागते, पण घामाने आणि पावसाने त्यावर गंज चढतो. न गंजणारे पोलाद सांभाळायला सोपे, मात्र त्यातही हलकी-भारी प्रत असते. मूठ ओल्या हातातही न निसटणारी हवी. बोथट चाकू धारदार चाकूपेक्षा अधिक घातक, कारण त्याला जोर जास्त लावावा लागतो आणि तो भलतीकडे घसरतो. ज्याला कामासाठी चाकू हवा, त्याला एवढे ज्ञान बस आहे.

आता दुसरा हेतू पाहू. जे गुण चाकूला चांगले अवजार बनवितात, तेच त्याला वाईट ढाल बनवितात. घडीचा चाकू खिशातून काढावा लागतो, उघडावा लागतो, नीट धरावा लागतो. हल्लेखोर एवढा अवकाश देत नाही. बहुतेक घडीच्या चाकूंना मूठ व पाते यांच्यामध्ये पुरेशी आड नसते. भोसकताना हात पुढे घसरून पात्यावर जातो. शिवाय चाकू दूरवर पोहोचत नाही. तो चालविण्यासाठी हल्लेखोराच्या हाताच्या टप्प्यात जावे लागते आणि तेथे बळकटाने तो हिसकावून घेतला की शस्त्राचा मालक बदलतो. ज्याला भय अधिक, त्याचे बळ बहुधा कमी असते. म्हणजे ज्याला या साधनाची सर्वाधिक गरज भासते, त्याच्याच हाती ते सर्वांत कमी उपयोगाचे ठरते.

कायद्याची बाजूही ग्राहकाला सांगितली जात नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या आक्रमणासाठी किंवा संरक्षणासाठी घडविलेली वस्तू अशी आहे. संरक्षण हा शब्द त्या व्याख्येतच आहे. ‘हे स्वसंरक्षणासाठी आहे’ असे सांगितल्याने वस्तूवरील शस्त्रपणाचा शिक्का पुसला जात नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा शस्त्रांच्या वर्गात उल्लेख असून घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक कामाची हत्यारे त्यातून वगळली आहेत. त्यामुळे तीन इंची चाकूला एरवी परवाना लागत नाही हे खरे. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली मनाई आदेश निघाला, की सार्वजनिक ठिकाणी चाकूच काय, काठी बाळगणेही गुन्हा ठरू शकते; आणि सण, मोर्चे, निवडणुका यांच्या निमित्ताने असे आदेश वारंवार निघतात. खासगी संरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेने ३४ ते ४४ या कलमांत मान्य केला आहे. मात्र तो आवश्यक तेवढ्याच बळापुरता आहे आणि तो बजावला हे न्यायालयात दाखविण्याचा भार आरोपीवर असतो. वकील, जामीन आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब ज्याला परवडतो, त्याच्यासाठी हा हक्क एक आहे. कंत्राटी मजुरासाठी तो वेगळाच आहे.

छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, या व्यापाराचा अनुभव २०१८ साली आला. त्या वर्षीच्या मे महिन्यात शहराच्या जुन्या भागात दंगल झाली, माणसे मेली, दुकाने जळाली. त्याच महिन्याच्या अखेरीस, घरबसल्या मागविलेल्या तलवारी, चाकू, कुकरी अशी शस्त्रे पोलिसांनी शहरात जप्त केली. ती मागविणाऱ्या प्रत्येकाच्या मनात काय होते हे कोणी सांगू शकणार नाही. परंतु दंगलीनंतर शस्त्र घेणारा प्रत्येक जण स्वतःला संरक्षकच समजतो. अर्थशास्त्रात ज्याला कैद्यांचा पेच म्हणतात, तो येथे उघड्यावर दिसतो. शेजाऱ्याने चाकू घेतला म्हणून एक जण घेतो, त्याने घेतला म्हणून दुसरा मोठा घेतो. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा असतो आणि सर्वांचा मिळून परिणाम वेडेपणाचा होतो. साऱ्या गल्लीत पाती आली, तरी कोणीही पूर्वीपेक्षा सुरक्षित होत नाही. फक्त पूर्वी जे भांडण गुद्द्यांवर मिटले असते, ते रक्तावर जाते.

राजकीय पक्षही या मोहातून सुटलेले नाहीत. दिल्लीतील १६ डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर, २०१३ च्या जानेवारीत शिवसेनेने मुंबईत स्त्रियांना हजारो लहान चाकू वाटले. त्यामागील संतापाशी कोणी वाद घालणार नाही. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, की नोंदल्या गेलेल्या बलात्कारांपैकी दहात नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या परिचयाचा असतो. नातलग, शेजारी, वरिष्ठ किंवा लग्नाचे वचन देणारा यांच्यासाठी कोणती स्त्री पर्समध्ये चाकू ठेवील? २००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका तरुण कर्मचारी स्त्रीवर, तिला नेण्यासाठी आलेल्या कंत्राटी गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला. ज्या वाहनावर सुरक्षिततेचे साधन म्हणून विश्वास ठेवला, तेच सापळा ठरले. अशा ठिकाणी चालकाची पडताळणी, प्रवासाची नोंद आणि मालकाची जबाबदारी हीच उपयोगी पडतात.

चिकलठाण्यात या प्रश्नाची दोन्ही रूपे एकाच परिसरात पाहावयास मिळतात. येथे विमानतळ आहे आणि येथेच औद्योगिक विकास महामंडळाची जुनी वसाहत आहे. विमानात बसणाऱ्या प्रवाशाला खिशात चाकू नेता येत नाही. तो निमूटपणे चाकू बाहेर ठेवतो आणि त्याला असुरक्षित वाटत नाही. कारण त्याच्यासारखेच इतर सर्वांचे चाकू काढून घेतलेले असतात, दिवे लखलखत असतात, पहारा जागा असतो. तेथे सुरक्षितता ही सार्वजनिक वस्तू आहे. ती एकाला मिळाल्याने दुसऱ्याची कमी होत नाही आणि तिचा खर्च सर्वांवर वाटला जातो. त्या भिंतीबाहेर, दुसरी पाळी संपवून मुकुंदवाडीकडे वा जालना रस्त्याच्या पलीकडे पायी अथवा सायकलीवर निघालेल्या कामगाराला मात्र बाजार सांगतो, की तुझे रक्षण तूच कर आणि त्याची किंमतही तूच मोज. एकाच गावात नागरिकत्वाच्या या दोन प्रती का असाव्यात?

कायद्याने तर या वाटेची जबाबदारी केव्हाच मान्य केली आहे. कर्मचारी राज्य विमा अधिनियमात २०१० साली ५१-ई हे कलम घालण्यात आले. त्यानुसार घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध दिसल्यास, कामावरचाच अपघात धरला जाऊ लागला. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने स्त्रियांना रात्री कारखान्यात राबविण्यास मनाई केली होती. महाराष्ट्राने २०१५ साली ती सुरक्षिततेच्या अटींवर शिथिल केली आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही स्त्रीच्या संमतीने व अटींसह रात्रपाळीला वाव दिला. स्त्रियांना रात्रीचे काम मिळावे हे योग्यच आहे. पण रात्रपाळीचे उत्पादन मालकाच्या हिशेबात आणि रात्रीच्या वाटेचे भय कामगाराच्या हिशेबात, ही वाटणी न्याय्य नव्हे. ज्याला अर्थशास्त्र बाह्य खर्च म्हणते, तोच हा खर्च. घडीच्या चाकूची पावती हे त्याचे सर्वांत छोटे रूप आहे.

यावर एक आक्षेप निघेल आणि तो रास्त आहे. दिवे लागेपर्यंत, बस सुरू होईपर्यंत आज रात्री घरी जाणाऱ्याने काय करावे? क्वचित एखाद्याचा जीव चाकूने वाचला असेल, हेही नाकारण्याचे कारण नाही. परंतु आज रात्रीसाठीसुद्धा चाकूपेक्षा बरी साधने आहेत. पाळी सुटल्यावर एकट्याने न निघता जथ्याने निघावे, निघाल्याचे व पोहोचल्याचे एकमेकांना कळवावे, जवळ विजेरी व शिट्टी ठेवावी, ११२ हा क्रमांक पाठ असावा, आणि कोणी पाकीट मागितलेच तर ते देऊन जीव वाचवावा. शिट्टीने माणसे जमतात. चाकूने ती पांगतात. मुख्य म्हणजे जथ्याने चालणारे कामगार पुढे जथ्याने मागणीही करू शकतात. खिशात चाकू घेऊन एकटा निघालेला माणूस आपल्यापुरता प्रश्न सुटला असे समजतो आणि मागणी करणे सोडून देतो. चाकूचे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे.

म्हणून कामगार संघटनांनी बोनस आणि महागाई भत्त्याच्या बरोबरीने वाटेचा प्रश्न मागणीपत्रात घातला पाहिजे. कारखान्याच्या फाटकापासून वस्तीपर्यंतच्या रस्त्यांवर दिवे कोणी लावायचे आणि बंद पडल्यास किती दिवसांत दुरुस्त करायचे, हे महामंडळ व महापालिका यांनी लेखी ठरवावे. शहर बसचे वेळापत्रक पाळी सुटण्याच्या वेळेशी जुळवावे. वाहनाची सोय कायम कामगारांइतकीच कंत्राटी कामगारांना मिळावी आणि चालकाची पडताळणी मालकाने करावी. पोलिसांची रात्रीची गस्त पाळ्यांच्या वेळी असावी. यातील एकही मागणी क्रांतिकारक नाही. विमानतळाच्या भिंतीआड जे आधीच गृहीत धरले जाते, तेच भिंतीबाहेर मागितले जात आहे.

चाकू अवश्य घ्यावा. तो दोर कापण्यासाठी, खोके उघडण्यासाठी, पेरू चिरण्यासाठी घ्यावा. घरी सुखरूप पोहोचण्यासाठी तो विकत घ्यावा लागत असेल, तर ती किंमत कोणाकडून वसूल करायची हे संघटनेच्या पुढच्या बैठकीत ठरले पाहिजे.