बुरूड राजाचा कोट

नालासोपाऱ्याच्या लोकलला आपण रोज लटकतो. घामाने निथळत जातो, घामाने निथळत येतो. त्याच सोपाऱ्यात एक स्तूप आहे. किती जण गेलात? मीही इतकी वर्षं गेलो नव्हतो. आत्ता गेलो. लाज वाटली म्हणून लिहितोय.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला. तेव्हा गावचे लोक त्या टेकाडाला म्हणायचे, 'बुरूड राजाचा कोट'. बुद्ध विसरला गेला होता. संघ विसरला गेला होता. उरला होता विटांचा ढीग, आणि लोकांच्या तोंडी त्या ढिगाचा राजा होता बुरूड. टोपल्या-सुपं विणणारा. गावाचं जुनं नाव शूर्पारक. शूर्प म्हणजे सूप. योगायोग म्हणा हवं तर. पण राजा म्हणून बुरडाचं नाव घेणारी जीभ या देशात कुठे सापडते सांगा!

विटांच्या पोटात दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक आणि आठ बुद्धमूर्ती. करंडकात एकात एक डब्या : चांदीची, दगडाची, स्फटिकाची, शेवटी सोन्याची. सोन्याची फुलं. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. आणि सगळ्यात आत, सोन्याच्या डबीत काय? १३ खापरं! मातीच्या भांड्याचे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे, अशी ठेवणाऱ्यांची श्रद्धा. आज हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

म्हणजे बघा, सोनं नुसतं झाकण. मोल खापराचं. कारण त्या पात्राने घर बघून भिक्षा घेतली नाही. शेवटचं जेवण बुद्धाने घेतलं ते चुंद लोहाराकडे, असं आपली परंपराच सांगते.

आता आपल्या घरात या. आमच्या वस्तीत बुरडाचं एक घर होतं. माझी आजी दर दिवाळीला त्यांच्याकडून सूप घ्यायची. घासाघीस करायची, वर हसायची. पण त्यांच्या घरचा चहा? कधीच नाही. ५६ सालची धर्मांतरित बाई ती, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेली. मी विचारलं तर म्हणाली, 'आपन वेगळे, ते वेगळे.' मी गप्प बसलो. माझं गप्प बसणं तिच्या बोलण्यापेक्षा वाईट होतं. मी शिकलेला होतो ना!

वरच्यांनी आपल्याला पायरीवर बसवलं, म्हणून आपण बोंबलतो. बरोबरच आहे. पण आपल्याखालची पायरी कोण झाडून-पुसून ठेवतंय? आपणच.

काही दोस्त म्हणतील, अवशेषांपुढे वाकणं हीच अंधश्रद्धा. मला तसं वाटत नाही. चैत्यभूमीवर आपण रांगेत उभे राहतो ते नवस फेडायला नाही, हिशेब द्यायला. सोपाऱ्याची खापरंही हिशेबच मागतात. ती सोन्यात ठेवून, त्यांच्यापुढे मेणबत्त्या लावून हा हिशेब चुकता होत नाही.

म्हणून माझं साधं म्हणणं आहे. यंदा बुद्धपौर्णिमेला सोपाऱ्याला जाऊच. पण एकट्या आपल्या वस्तीची बस भरून नको. वाटेत बुरूडआळीत उतरू. त्यांना घेऊ. आधी त्यांच्या ओट्यावर बसून चहा पिऊ.

कोट त्यांच्या राजाचा आहे. आत जायचं तर त्यांना सोबत घेऊनच.