बारा पगार, तेरा रिचार्ज

वर्षाचे महिने बारा आणि पगारही बारा, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. तथापि कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत काम करणारा सामान्य कामगार आपल्या मोबाइल फोनचे पैसे वर्षातून बहुधा बारा वेळा नव्हे, तर तेरा वेळा भरतो. मोबाइल कंपन्यांनी रूढ केलेला ‘महिना’ अठ्ठावीस दिवसांचा आहे. अठ्ठावीस गुणिले तेरा म्हणजे ३६४. पगाराचे वर्ष आणि फोनचे वर्ष यांत असा एका हप्त्याचा फरक पडतो, आणि तो ज्याच्या खिशातून जातो त्याच्या तो सहसा ध्यानातही येत नाही. कारण रक्कम लहान असते. लहान रकमांकडे दुर्लक्ष करणे श्रीमंताला परवडते. गरिबाचे मात्र सारे अंदाजपत्रकच लहान रकमांचे बनलेले असते.

कागल आणि हातकणंगले तालुक्यांच्या माळावर वसलेल्या या वसाहतीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, रेमंड यांसारखे मोठे कारखाने आहेत आणि त्यांच्या आधाराने चालणारे लहान उद्योगही आहेत. पाळी सुटली की कागल, हुपरी, मुरगूड, कोल्हापूर अशा चहूकडच्या वाटा माणसांनी भरून जातात. काहीजण सीमेपलीकडून, निपाणीच्या बाजूने येतात. काहीजण थेट बिहार आणि उत्तर प्रदेशातून येऊन आसपासच्या गावांत भाड्याच्या खोल्यांत राहतात. यांपैकी पुष्कळांची नोकरी कंत्राटी आहे. दैवदुर्विलास असा, की माणूस कंत्राटावर आहे आणि त्याच्या खिशातला फोन तेवढा बिनकंत्राटी आहे. भारतातील शंभर मोबाइल जोडण्यांपैकी नव्वदांहून अधिक जोडण्या अशाच, म्हणजे आधी पैसे भरून वापरावयाच्या, प्रीपेड आहेत.

आणि हा फोन आता चैनीची वस्तू राहिलेला नाही. उद्या कोणत्या पाळीला यावयाचे याचा निरोप त्यावर येतो. बँकेतून पैसे काढावयाचे असोत की भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब पाहावयाचा असो, त्यासाठी लागणारा ओटीपी त्यावरच येतो. मुलांच्या शाळेच्या सूचना त्यावर येतात. म्हणून स्वस्त आणि बंधनरहित नेटवर्क कोणते निवडावे, हा प्रश्न वरवर दुकानदारीचा वाटला, तरी वस्तुतः तो मजुरीच्या वास्तव मूल्याचा प्रश्न आहे.

बंधन गेले, ते कोठे गेले?

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी टेलिफोन हवा असलेल्या मध्यमवर्गीयाला वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीत नाव ठेवून बसावे लागे. त्या काळाच्या तुलनेत आजचा ग्राहक राजाच म्हणावा लागेल. ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिले मोबाइल संभाषण कलकत्त्याचे ज्योती बसू आणि दिल्लीचे सुखराम यांच्यात झाले, तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत आकार पडे आणि आलेला फोन उचलला तरी पैसे जात. २००३ साली येणारे फोन निःशुल्क झाले. २००५ च्या अखेरीस ‘आजीवन’ वैधतेच्या योजना निघाल्या आणि एकदा पैसे भरून क्रमांक कायम ठेवण्याची सोय झाली. मजूर, भाजीवाली, शेतकरी यांच्या हाती फोन आला तो या दोन पायऱ्यांनी.

परंतु हे आजीवन फार काळ टिकले नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या कंपन्यांनी किमान रिचार्जची अट घातली. फोन केवळ घेण्यापुरता वापरणाऱ्यासही अठ्ठावीस दिवसांसाठी ३५ रुपये भरणे भाग पडले. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर या दोन्ही कंपन्यांची अठ्ठावीस दिवसांची प्राथमिक योजना १९९ रुपयांची झाली. जिओची १५५ वरून १८९ झाली. या पैशांत आता अमर्याद बोलणे आणि थोडेसे इंटरनेटही मिळते, हे मान्य केले पाहिजे. मात्र ज्याला एवढ्याची गरज नाही, त्यालाही ते विकत घ्यावे लागते, हेही तितकेच खरे.

करार नाही, सही नाही, मुदत नाही. तरीही ग्राहक बांधला गेला आहे. क्रमांकाशी बँक, आधार, गॅस, निर्वाह निधी ही सारी जोडली गेल्याने तो बंद पडू देणे अशक्य झाले. कंपनीने लादलेले बंधन कागदावरून गेले आणि ते क्रमांकात येऊन बसले.

स्वस्त म्हणजे किती?

फोनच्या दुकानात ग्राहक विचारतो, “सगळ्यात स्वस्त कोणता?” या प्रश्नाला रिचार्जच्या रकमेने दिलेले उत्तर फसवे असते. योग्य माप एकच : दर दिवसाला पडणारा खर्च. जुलै २०२४ मधील एअरटेलच्या दोन योजना या दृष्टीने पाहण्याजोग्या आहेत. एक १९९ रुपयांची, अठ्ठावीस दिवसांची, दोन जीबी इंटरनेटसह. दुसरी १९९९ रुपयांची, ३६५ दिवसांची, चोवीस जीबीसह. सुविधा जवळजवळ सारखीच. पहिलीचा दिवसाचा खर्च सात रुपये अकरा पैसे, दुसरीचा पाच रुपये अठ्ठेचाळीस पैसे. पहिली योजना तेरा वेळा घेणारा वर्षाला २५८७ रुपये देतो, म्हणजे दुसऱ्यापेक्षा ५८८ रुपये अधिक. घरात चार फोन असतील तर हा फरक २३५२ रुपयांवर जातो. हे गणित केवळ कामगाराचे नाही. शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या घरचेही आहे.

ज्याच्याजवळ एकरकमी दोन हजार आहेत त्याला वस्तू स्वस्त आणि ज्याच्याजवळ नाहीत त्याला महाग, असा हा न्याय आहे. चहाची पुडी रोज आणणाऱ्याला चहा नेहमीच महाग पडतो. दारिद्र्यावर बसणाऱ्या या अदृश्य कराची पावती कोणी देत नाही.

यावर उपाय म्हणून कर्ज काढून वर्षाचे रिचार्ज करावे काय? येथेही हिशेब मांडला पाहिजे. १९९९ रुपये शेकडा पाच दरमहा अशा सावकारी व्याजाने घेतले आणि मुद्दल बारा समान हप्त्यांत फेडले, तर व्याजच सुमारे ६५० रुपये होते. म्हणजे ५८८ रुपयांची सारी बचत जाऊन वर पदरचे द्यावे लागतात. तेच पैसे पतसंस्थेकडून शेकडा एक दरमहा व्याजाने मिळाले, तर व्याज १३० रुपये पडते आणि साडेचारशेहून अधिक रुपये हाती राहतात. योजना तीच, माणूसही तोच. फरक पतपुरवठ्याचा आहे. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यात कामगारांच्या पतसंस्थांनी आणि भिशीच्या मंडळांनी हे छोटेसे काम अंगावर घेतले, तर त्यात अशक्य असे काही नाही. ज्यांना दिवाळीत बोनस मिळतो, त्यांनी त्यातूनच ही रक्कम बाजूला काढणे अधिक श्रेयस्कर.

रेंज कोणाच्या दारात?

तथापि केवळ स्वस्ताईवर निवड करणेही चुकीचे ठरेल. पत्र्याच्या शेडमध्ये, ओतशाळेच्या आत, यंत्रांच्या गराड्यात रेंज मिळेलच असे नाही. ज्याचे घर भुदरगडच्या डोंगरकुशीत आहे, त्याला कागलच्या गैबी चौकातील भरपूर रेंजचा काय उपयोग? कामाची जागा, राहती खोली आणि मूळ गाव या तीन ठिकाणी जे नेटवर्क चालते, तेच त्या माणसापुरते चांगले. बिहारहून आलेल्या मजुराला तर हजार मैलांवरील घरच्या माणसांच्या फोनचाही विचार करावा लागतो. कंपन्यांनी आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावेत, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. ते पाहावेत; पण शेजारी काम करणाऱ्या सहकाऱ्याचा फोन पाहणे अधिक खात्रीचे.

कागलची आणखी एक गंमत आहे. गाव सोडून दक्षिणेस निघाले की थोड्याच अंतरावर कोगनोळीला कर्नाटक लागते, आणि दूरसंचाराच्या नकाशावरही तेथून निराळे परिमंडळ सुरू होते. महाराष्ट्र परिमंडळात गोव्याचा समावेश आहे, निपाणीचा नाही. पूर्वी रोमिंगचे पैसे पडत, तेव्हा फोनने पलीकडचा टॉवर पकडला तरी गिऱ्हाइकाचा बॅलन्स कापला जाई. तो जाच आता संपला. मात्र निपाणीकडच्या कामगाराला कर्नाटकातील क्रमांक तोच ठेवून महाराष्ट्राच्या परिमंडळात यावयाचे असल्यास पाच कामाचे दिवस लागतात. एकाच परिमंडळात कंपनी बदलण्यास तीन पुरतात.

म्हणूनच वर्षाचे पैसे एकदम भरण्यापूर्वी त्या नेटवर्कचा महिनाभर अनुभव घ्यावा. वर्षाची रक्कम भरली की बिनकंत्राटी ग्राहक आपण होऊन कंत्राटात शिरतो. मध्येच कंपनी बदलली तर उरलेल्या दिवसांचे पैसे बुडतात. ज्याची नोकरीच सहा महिन्यांनी कोठे असेल हे ठाऊक नाही, त्याने तीन महिन्यांच्या आसपासची मध्यम मुदतीची योजना घेणे शहाणपणाचे.

सोडून जाण्याचा अधिकार

क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याचा अधिकार देशभर २० जानेवारी २०११ पासून मिळाला. ‘पोर्ट’ हा इंग्रजी शब्द आणि आपला क्रमांक १९०० वर संदेशाने पाठविला की एक सांकेतिक क्रमांक येतो. तो नव्या कंपनीच्या दुकानात द्यावयाचा. मात्र आधीच्या बदलास नव्वद दिवस झालेले असावे लागतात. बिनकंत्राटी ग्राहकाच्या हाती सौदा करण्याचे हे एकच साधन आहे, आणि ते वापरले तरच धारदार राहते.

परंतु सोडून जावयाचे ते कोणाकडे? ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आली, दर कोसळले आणि ग्राहकांची चंगळ झाली. पाठोपाठ एअरसेल आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स बाजारातून गेल्या, टाटांनी हा व्यवसाय सोडला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन व आयडिया एक झाल्या. खाजगी क्षेत्रात तीनच मोठे विक्रेते उरले. ज्याला अर्थशास्त्रात अल्पविक्रेताधिकार म्हणतात, तो हाच. तिघांनी संगनमत केले असे म्हणण्याची आवश्यकताही नसते. एकाने दर वाढविला की इतरांना तो वाढविणे सोयीचे वाटते. जुलै २०२४ मध्ये दोघांची दरवाढ ३ तारखेला आणि तिसऱ्याची ४ तारखेला अमलात आली. कंपन्यांवरील कर्ज, ध्वनिलहरींच्या लिलावांचा खर्च आणि ऑक्टोबर २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आलेली देणी यांचा भार खोटा नाही. आक्षेप आहे तो एवढाच, की तो भार उचलताना सर्वांत कमी वापर करणाऱ्याच्या खांद्याचा विचार झालेला नाही.

त्या दरवाढीच्या वेळी सरकारी ‘बीएसएनएल’ने दर वाढविले नाहीत, आणि त्या एकाच महिन्यात तिचे ग्राहक सुमारे २९ लाखांनी वाढले. लोक हिशेब करीत नाहीत, हा समज त्यातून खोटा ठरला. पुढे मात्र हा ओघ आटला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिचे ग्राहक घटले. खाजगी कंपन्यांनी ऑक्टोबर २०२२ मध्येच फाइव्ह-जी सेवा सुरू केली असता, या कंपनीच्या स्वदेशी फोर-जी सेवेचे देशव्यापी उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. उशीर अक्षम्य असला, तरी चौथा विक्रेता जिवंत राहण्यात उरलेल्या तिघांच्या ग्राहकांचेही हित आहे. पर्याय उपलब्ध असणे हेच दरवाढीवरचे मोठे अंकुश असते.

नियामक प्राधिकरणानेही आपले काम अर्ध्यावर सोडू नये. जानेवारी २०२२ मध्ये त्याने प्रत्येक कंपनीला निदान एक तीस दिवसांची आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारी योजना ठेवण्यास सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये केवळ बोलणे व संदेश यांसाठी, इंटरनेटविरहित योजना देण्याचा आदेश निघाला. हेतू उत्तम होता. प्रत्यक्षात एअरटेलची वर्षाची अशी योजना जानेवारी २०२५ मध्ये १८४९ रुपयांना आली. जुलै २०२४ मध्ये इंटरनेटसह असलेल्या योजनेहून फक्त दीडशे रुपयांनी कमी. आदेशाचे शब्द पाळले गेले, आशय वाऱ्यावर गेला. कमी वापरणाऱ्यासाठी खरोखर कमी दराची एक योजना असावी, आणि प्रत्येक योजनेपुढे तिचा दर दिवसाचा खर्च ठळक अक्षरांत छापला जावा, एवढी मागणी ग्राहक संघटनांनी आणि कामगार संघटनांनी लावून धरण्यास हरकत नाही. किराणा मालाच्या पाकिटावर दर ग्रॅमची किंमत छापावी लागते; मग रिचार्जच्या फलकाला सवलत कशासाठी?

तोवर ज्याने त्याने आपला हिशेब करावा हेच बरे. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना हे गणित घरी आणि शेजारी मांडून दाखविता येईल. त्यासाठी भागाकारापलीकडे काही येण्याची गरज नाही. वर्षाकाठी वाचणारे पाच-सहाशे रुपये कारखानदाराला क्षुल्लक वाटतील. कंत्राटी कामगाराच्या घरी त्या पैशांत मुलांच्या वह्या येतात.