साक्षीदाराविना शौर्य

युद्धात पडलेल्यांचे स्मरण करताना राष्ट्रे सहसा दोनपैकी एका टोकाला जातात. एक तर मृतांना देव्हाऱ्यात बसवावयाचे, नाही तर त्यांच्या हातून घडलेले अडचणीचे म्हणून त्यांचे नावही काढावयाचे नाही. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या तरुणांच्या वाट्याला ही दोन्ही टोके आली. या दलातील सुमारे सव्वा लाख हवाई सैनिकांपैकी ५५,५७३ जण मृत्युमुखी पडले. त्यांत कॅनडाचे सुमारे दहा हजार होते. विनिपेगचा अँड्र्यू मिनार्स्की हा त्यांतलाच एक.

पोलंडहून आलेल्या निर्वासित नव्हे, पण गरीब स्थलांतरित कुटुंबातला हा मुलगा. चामड्याच्या कामावर पोट भरणारा. १९४१ मध्ये हवाई दलात गेला आणि लँकेस्टर विमानाच्या पाठीवरील तोफेवर बसू लागला. १२ जून १९४४ च्या रात्री त्याचे विमान फ्रान्समधील कांब्रे येथील रेल्वेची यार्डे उद्ध्वस्त करण्यास निघाले. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरून आठवडा झाला होता. मध्यरात्रीनंतर जर्मन लढाऊ विमानाने गाठले, डावीकडील दोन्ही इंजिने पेटली आणि वैमानिकाने उड्या टाकण्याचा हुकूम दिला. मिनार्स्की दाराशी पोहोचला, तोच शेपटीकडील बुरुजात पॅट ब्रॉफी अडकल्याचे त्याच्या ध्यानी आले. तो आगीतून रांगत मागे गेला. कुऱ्हाडीने, मग नुसत्या हातांनी बुरूज उघडण्याची त्याची धडपड चालली असता कपडे आणि हवाई छत्री यांनी पेट घेतला. ब्रॉफीने निघून जाण्याची खूण केली. मिनार्स्की दारापर्यंत मागे सरकला, ताठ उभा राहून त्याने मित्राला सलाम केला आणि उडी घेतली. भाजल्यामुळे थोड्याच वेळात तो गेला. वय अवघे २७. ज्याच्या सुटकेसाठी तो जळला तो ब्रॉफी मात्र विमान जमिनीवर आदळताना बाहेर फेकला गेला आणि वाचला.

ब्रॉफी वाचला म्हणूनच हे जगाला कळले. त्याच्या साक्षीवरून १९४६ मध्ये मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. हे पदक मराठी वाचकांना परके नाही. १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडलेले मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांनाही ते मरणोत्तरच मिळाले. परंतु ज्या विमानांतून एकही माणूस परतला नाही, त्यांत काय घडले हे कोण सांगणार? लंडनजवळच्या रनिमीड येथील स्मारकावर ज्यांना थडगेही लाभले नाही अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे आहेत. पदक साक्षीदाराच्या आधारे मिळते. शौर्याला साक्षीदाराची वाट पाहता येत नाही. म्हणून स्मरण केवळ पदकवाल्यांचे करणे हा अन्याय होय.

आता दुसरी बाजू. याच दलाने १९४३ मध्ये हँबुर्ग जाळले. १९४५ च्या फेब्रुवारीत ड्रेस्डेनवर अमेरिकी विमानांच्या जोडीने केलेल्या हल्ल्यांत सुमारे २५ हजार माणसे मेली. हे विसरून कोणतेही स्मारक प्रामाणिक ठरणार नाही. ओटावाच्या युद्ध संग्रहालयात या बॉम्बहल्ल्यांच्या नैतिकतेविषयी मतभेद असल्याचे सांगणारा फलक होता. माजी सैनिक दुखावले आणि २००७ मध्ये त्याचा मजकूर बदलण्याचा निर्णय झाला. त्यांचे दुःख खरे होते. पण प्रश्न पुसल्याने मृतांचा मान वाढत नाही. धोरण ठरविणारे वेगळे आणि रात्रीच्या अंधारात तोफेमागे बसणारे वेगळे, हा विवेक राखला म्हणजे प्रश्नाची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही.

लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये २०१२ साली, म्हणजे युद्ध संपल्यावर तब्बल ६७ वर्षांनी, या दलाचे स्मारक उभे राहिले. बॉम्बहल्ल्यांत प्राण गमावलेल्या सर्व राष्ट्रांच्या लोकांचेही स्मरण त्यावर कोरले आहे. उशिरा का होईना, हीच दिशा योग्य होय. मिनार्स्कीने पेटत्या विमानात एका माणसाचा जीव मोलाचा मानला. त्याला आदरांजली वाहावयाची तर खाली पेटलेल्या शहरांतील जीवही तितकेच मोलाचे होते, हे मान्य करण्याचे धैर्य वाहणाऱ्यांपाशी असावयास हवे.