नेट गेलं... पण कुठे?

"नेट गेलं रे!"

होस्टेलवर राहणाऱ्या कुठल्याही प्राण्याला ही आरोळी नवीन नाही. पाणी गेलं, लाईट गेली आणि नेट गेलं, या तीन आरोळ्यांवर आपली चार वर्षं निघतात. पाणी गेलं की आपण गच्चीवर जाऊन टाकी बघतो. लाईट गेली की समोरच्या विंगमध्ये आहे का ते बघतो. नेट गेलं की मात्र काहीच बघत नाही, सरळ शिव्या देतो. कुणाला? अर्थात नेटवर्कवाल्या काकांना! मीही दिल्या. नुसत्या तोंडी दिल्या असत्या तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. मी त्या लेखी दिल्या, रेक्टर सरांच्या नावे अर्ज करून, खाली २७ सह्या घेऊन.

त्याचं असं झालं. बीई प्रोजेक्टसाठी आम्ही चौघांनी वर्गणी काढून जुन्या बाजारातून एक मिनी पीसी घेतला. मेसच्या डब्याहून थोडा मोठा, आवाज नाही, वीज कमी खाणारा. तो माझ्या रूममध्ये लॅनला जोडून ठेवायचा, चौघांनी आपापल्या लॅपटॉपवरून त्यावर लॉगिन करायचं आणि रात्रभर सिम्युलेशन चालू ठेवायचं, असा बेत होता. पहिल्याच आठवड्यात त्याची वाट लागली. दिवसातून पंधरा-वीस वेळा कनेक्शन तुटायचं. कधी पाच सेकंद, कधी मिनिटभर. पिक्चर बघणाऱ्याला अशा वेळी पत्ताही लागत नाही, कारण पुढचा भाग आधीच उतरलेला असतो. पण दोन जीबीची फाईल नव्वद टक्क्यांवर असताना तुटली की काय होतं ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मग मी ट्रबलशूटिंग सुरू केलं. म्हणजे काय केलं? एका शुक्रवारच्या रात्री ड्रायव्हर बदलला, बायॉस अपडेट केलं, आयपी हाताने टाकला, स्विचचा पोर्ट बदलला आणि कार्डाची वीज वाचवण्याची सोय बंद केली. सगळं एकाच रात्रीत, चहाच्या तीन कपांवर.

त्या शेवटच्या गोष्टीवर माझा फार भरवसा होता, आणि तो अगदीच अडाणीपणा नव्हता. वायरवर काही जात नसेल तेव्हा कार्डाने डुलकी काढावी आणि वीज वाचवावी, असं एक मानक २०१० साली आलं, ८०२.३एझेड नावाचं. काही कार्डांचं आणि स्विचांचं या डुलकीवरून पटत नाही आणि लिंक तुटते, हे खरं आहे. कधी चिपही सदोष निघते. इंटेलच्या २.५ गिगाबिटच्या आय२२५ या चिपच्या सुरुवातीच्या आवृत्तीत २०२० मध्ये तसा दोष सापडला होता. तेव्हा मिनी पीसी आणि लॅन म्हटलं की संशय पहिल्यांदा तिकडे जातो, तसा माझाही गेला.

शनिवारी नेट एकदाही तुटलं नाही. रविवारीही नाही! मी विंगमध्ये वडापाव वाटले. "डुलकी बंद केली की झालं," असं दोघा ज्युनिअरना ज्ञानही दिलं. सोमवारी पहाटे सहा वाजून पाच मिनिटांनी लिंक पडली.

आता मी शास्त्रशुद्ध व्हायचं ठरवलं. लॅपटॉपला लॅनचं भोक नाही, म्हणून एकाकडून जुना यूएसबी ॲडाप्टर आणला आणि तीच केबल लॅपटॉपला लावली. दिवसभर मख्खन. म्हणजे केबल ठीक. मग मिनी पीसी उचलून खालच्या मजल्यावर मित्राच्या रूममध्ये नेला. तिथे रात्रभर एकदाही तुटला नाही. म्हणजे मिनी पीसी ठीक. केबल ठीक, मशीन ठीक, मग उरलं काय? आमच्या विंगचा स्विच! आणि स्विच कुणाच्या ताब्यात? काकांच्या!

सांगा, या तर्कात कुठे खोट दिसते का? मला दिसली नाही. ज्या २७ जणांनी सह्या केल्या त्यांनाही दिसली नाही. खरं सांगायचं तर त्यांनी बघितलीच नाही. त्यातल्या बऱ्याच जणांनी लॅनची वायर शेवटची कधी लावली होती देव जाणे, सगळे वायफायवाले. पण "नेट" एवढा शब्द दिसला आणि पेन आपोआप बाहेर आलं. अर्जात मी 'वारंवार तोंडी सांगूनही दुर्लक्ष' असं वाक्य घातलं. तोंडी मी एकदाच सांगितलं होतं, तेही मेसच्या रांगेत.

चौथ्या दिवशी काका रूमवर आले. हातात टेस्टर आणि वायर टोचायचं क्रिम्पिंग टूल. चेहऱ्यावर राग नव्हता, त्याने जास्तच अवघडल्यासारखं झालं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नेट जातं तेव्हा पोर्टचा दिवा जातो का?"

महिनाभर मी गूगलला पिंग करत होतो. दिव्याकडे बघितलंच नव्हतं! दिवा विझत असेल तर भानगड वायरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच आहे. मग आयपी, डीएनएस, बाहेरची लाईन यातल्या कशालाही हात लावायचं कारण नाही. दिवा चालू राहून नेट जात असेल तर आधी गेटवेला पिंग करायचं, मग बाहेर. इतकं सोपं. पुढचा प्रश्न, "लॉग आहे का?" तो होता, लिनक्स स्वतःच ठेवतं. लिंक डाऊन, लिंक अप आणि त्यापुढे वेळ. काकांनी चष्मा वर सरकवून ओळी वाचल्या आणि बोट ठेवलं. "हे बघितलंस का? एरवी लिंक हजाराने येते. इथे आणि इथे शंभराने आलीय."

बघितलं होतं. पण आकड्यांकडे बघणं आणि आकडे वाचणं यात फरक असतो.

आता हे नीट सांगतो, कारण माझ्या तर्काची खोट इथेच होती. लॅनच्या केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. १०० एमबीपीएसचं इथरनेट १९९५ मध्ये आलं, त्याला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या लागतात. उरलेल्या दोन रिकाम्या बसतात. १९९९ मध्ये तशाच केबलवर गिगाबिट आलं, त्याला मात्र चारही जोड्या लागतात. एक जोडी लंगडली की गिगाबिटची लिंक पडते. कार्ड हुशार असेल तर काही वेळा प्रयत्न करून शंभरवर समाधान मानतं. आणि माझा जुना यूएसबी ॲडाप्टर? तो होता शंभरचा! तपकिरी जोडी मेली काय आणि जगली काय, त्याला सोयरसुतक नव्हतं. 'केबल ठीक' हा माझा निकाल अर्ध्याच केबलचा होता.

काकांनी टेस्टर लावला. एक ते आठ, सगळे दिवे ओळीने लागले. मी मनातल्या मनात म्हटलं, "बघा!" (हो, अजूनही मला अर्जच खरा ठरायला हवा होता.) काका शांतपणे म्हणाले, "केबल जाते कुठून?" भिंतीतल्या सॉकेटपासून माझ्या टेबलापर्यंत, मधे पैलवानाच्या कॉटखालून. पैलवान म्हणजे माझा रूममेट, सांगलीकडचा, रोज पहाटे सहाला उठून दोनशे बैठका मारणारा. तो तेव्हा कॉटवर पालथा पडून मोबाईल बघत होता. "पैलवान, जरा उठा बरं." पैलवान उठला, लोखंडी कॉट करकरली आणि टेस्टरवरचा आठवा दिवा गेला. "बसा." दिवा आला. "उठा." गेला. तिसऱ्या वेळी तिघंही हसायला लागलो.

कॉटचा पाय केबलवर होता. आतली तपकिरी तार तुटून टोकाला टोक टेकून उभी होती. लॉग पुन्हा काढला. पहाटे सहा पाच : पैलवान उठला. दुपारी दोन : जेवून आला. रात्री एक दहा : कूस बदलली. आणि माझा तो यशस्वी शनिवार-रविवार? पैलवान गावाला गेला होता!

काका वायर बदलता बदलता बोलायला लागले. त्यांनी काम सुरू केलं तेव्हा लॅबमध्ये कोॲक्स केबल होती. एकाच वायरीवर वीस मशीन, दोन्ही टोकांना टर्मिनेटर. एखाद्याने खुर्ची मागे घेताना कनेक्टर उखडला की वीसच्या वीस बंद. मग काका मधल्या मशीनजवळ वायर सोडवून तिथे टर्मिनेटर लावायचे. अर्धी लॅब चालली की दोष उरलेल्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचं अर्धं. चार-पाच फेऱ्यांत सापडायचंच. हा बायनरी सर्च आहे, हे मला ऐकता ऐकता कळलं. परीक्षेत त्यावर मला १० पैकी ९ होते. पण खरी वेळ आली तेव्हा मी एका रात्रीत पाच गोष्टी बदलल्या आणि वडापाव वाटले.

माझं मत असं आहे की हे आपण लॅबमध्येच शिकतो. प्रॅक्टिकलचं रीडिंग चुकलं तर ते का चुकलं हे शोधायला दोन तास नसतात, सिनिअरचं जर्नल मात्र असतं. आधी ग्राफ काढायचा, मग त्यावर बिंदू मांडायचे, ही कला कुणाला शिकवावी लागत नाही. एक्स्टर्नलला बरोबर उत्तर हवं असतं, आपल्याला सही हवी असते. बिघडलेलं सर्किट समोर आलंच तर आपण टेबल बदलून मागतो! दोष शोधणं हे जणू आपलं काम नाही, ते लॅब असिस्टंटचं. आणि मग कामाला लागल्यावर पगार कशाचा मिळणार? बहुतेक वेळा दोष शोधण्याचाच.

स्टाफला म्हणून एक विनंती आहे, आगाऊपणा वाटला तर माफ करावं. प्रत्येक सेमिस्टरला एक तरी प्रॅक्टिकल बिघडवून द्या. एक तार तोडून ठेवा, एक रेझिस्टर चुकीचा लावा, सांगू नका. मार्क उत्तराला नको, शोधायच्या रस्त्याला द्या : काय बदललं, त्याआधी काय होतं, त्यानंतर काय झालं. जर्नलमध्ये 'चुकलं' असं लिहायला एक पान ठेवा आणि त्या पानाला मार्क कापू नका. कोर्स आधीच पूर्ण होत नाही, त्यात हे कुठे बसवायचं, असं सर म्हणतील. खरं आहे. पण दहातलं एक प्रॅक्टिकल कमी झालं तर कुणाचं काही बिघडेलसं मला वाटत नाही.

आणि होस्टेलच्या तक्रारवहीत 'नेट बंद आहे' एवढंच लिहिणाऱ्याची तक्रार घेऊच नये. वेळ, पोर्टचा दिवा, वायर की वायफाय, शेजाऱ्याचं चालू आहे का, एवढं तरी लिहून घ्यावं. काका एकटे आहेत आणि रूम साडेतीनशे.

आता अर्जाचं. काका कॉन्ट्रॅक्टवर आहेत आणि जूनमध्ये कॉन्ट्रॅक्टचं नूतनीकरण आहे, हे मला सह्या गोळा करताना माहीत नव्हतं. विचारलंही नव्हतं. माझ्या अर्जामुळे त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला, तो आता त्यांच्या फाईलमध्ये आहे. त्यांनी स्वतः मला यातलं काही सांगितलं नाही, ऑफिसमधून कळलं. मी त्यांना म्हटलं, "काका, माझी चूक झाली, मी अर्ज मागे घेतो." ते म्हणाले, "घे. पण आधी ती केबल वरून घे, दाराच्या चौकटीवरून."

केबल आता चौकटीवरून जाते. डुलकीची सोय पुन्हा चालू केली आहे आणि गेल्या दोन महिन्यांत लिंक एकदाही पडलेली नाही, पैलवानाच्या बैठका चालू असूनही. दुसरा अर्ज मी लिहिला आहे. त्यात दोष कुठे होता आणि कुणी शोधला हे तारखेसकट आहे, सोबत लॉगची प्रत आणि दोन इंच केबलचा तुकडा जोडला आहे. पहिल्या अर्जावर २७ सह्या एका संध्याकाळी मिळाल्या होत्या. दुसऱ्यावर तीन आठवड्यांत चार झाल्या, त्यातली एक पैलवानाची. उरलेल्या २३ जणांची नावं माझ्याकडे आहेत, इथे छापत नाही. अर्ज माझ्या टेबलावर आहे, पेनही तिथेच ठेवलंय. रूम रात्री साडेअकरापर्यंत उघडी असते. खुर्ची नसली तर बिनधास्त कॉटवर बसा.