मेलेली बॅटरी

गेल्या दिवाळीच्या आधी मी घर आवरायला काढले. या कामाला माझ्याइतका अपात्र माणूस आमच्या घरात दुसरा नाही, हे सौभाग्यवतीचे मत आता मलाही मान्य आहे. चिरंजिवांच्या खणात एक चौकोनी, नऊ व्होल्टची बॅटरी सापडली. तिच्यावर चिकटपट्टी लावून '६.४' असा आकडा लिहिलेला. मी म्हटले, मेली बिचारी, आणि भंगारवाल्याच्या पोत्यात टाकली.

संध्याकाळी चिरंजिवांनी खण उघडला. "बाबा, माझी बॅटरी?" मी मोठ्या औदार्याने नवी कोरी बॅटरी पुढे केली. तो काही बोलला नाही आणि मग दोन दिवस बोललाच नाही. त्यांच्या मंडळींचा कार्यक्रम चार दिवसांवर आला होता.

उलगडा त्याच्या आईने केला. गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये पायाने दाबायची एक डबी असते, तिला फझ म्हणतात. तिचे काम स्वर बिघडवणे! शुद्धलेखन शिकवण्यात ज्याची वीस वर्षे गेली, त्याचा मुलगा अशुद्धासाठी पैसे मोजतो. त्यातून या डबीतले दोन जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर उपाशी ठेवले, की स्वर आणखी फाटतो, खरखरतो आणि विझताना एकदम तुटतो. तो तुटका स्वर त्याने त्या म्हाताऱ्या बॅटरीवर महिनोन्‌महिने जपला होता.

मुळात या डबीचा जन्मच बिघाडातून झाला. मार्टी रॉबिन्सचे 'डोन्ट वरी' हे गाणे १९६१ साली आले. नॅशव्हिलच्या स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित होताना यंत्राचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनची गिटार घोगरी झाली. मंडळींनी ती तशीच ठेवली. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग तो घोगरेपणा मुद्दाम आणणारे यंत्र जुळवले आणि १९६२ साली ते मॅस्ट्रो या नावाने बाजारात आले.

मी हसणार होतो. पण वडिलांचा तंबोरा आठवला. तारेखाली सुताचा दोरा सरकवत ते जवारी शोधत बसत. केसभर इकडे, केसभर तिकडे. निव्वळ स्वच्छ तार त्यांना नकोच असे.

"अरे, नव्या बॅटरीला म्हातारी करता येत नाही का?" मीच मौन सोडले.

"येते. वाटेत अडथळा घालायचा."

पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात मी जन्मभर गेलो. तिथून जवळच असलेल्या तापकीर गल्लीत शिरलो तो त्या दिवशी पहिल्यांदा. दहा किलोओहमचा पोटेन्शिओमीटर मागितला. दुकानदार म्हणाला, "पॉट म्हणा की!" रेडिओचा आवाज लहानमोठा करणारी खुंटी, तीच ही जात.

डबीला भोक पाडले, बॅटरीची एक तार तोडली आणि तिची दोन टोके पॉटच्या मधल्या व कडेच्या पायांना कथलाने जोडली. ही डबी वीज पिते फार थोडी, जेमतेम एखादा मिलिॲम्पिअर. म्हणून चार-पाच हजार ओहमच्या अडथळ्यातही दोनतीन व्होल्ट सहज खर्ची पडतात. बॅटरी म्हातारी होते तेव्हा तिचा अंतर्गत रोध असाच वाढत जातो. मात्र हा प्रयोग साध्या डबीवरच करावा. जास्त वीज खाणाऱ्या डबीला एलएम ३१७ सारखा रेग्युलेटर लागतो, आणि डिजिटल डबी उपाशी ठेवली तर गात नाही, बंद पडते.

कडेचा पाय आम्ही चुकीचा निवडला होता, त्यामुळे खुंटी उजवीकडे फिरवली की व्होल्टेज कमी होई. मी उलटे करू म्हणालो. चिरंजीव म्हणाले, राहू द्या.

मी मीटर धरून बसलो. "सात... सहा पॉइंट आठ... सहा पॉइंट चार! थांब, आली!"

तो थांबला नाही. डोळे मिटून, तार छेडत, खुंटी तशीच फिरवत राहिला. ६.१ वर हात थांबला. स्वर भरून आला, फरफरला आणि मधेच तुटला.

"अरे, पण सहा पॉइंट चार—"

"बाबा, ऐका ना."

मी मीटर खाली ठेवला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, मिक्सर बिघडला वाटतं!"

चिरंजीव खो खो हसले. मग आईकडून नखांचा रंग मागून आणून त्यांनी खुंटीपाशी एक लाल ठिपका दिला.