न्युरेम्बर्गचा क्लॅरिनेट, नंदुरबारची वरात

आज 21 जून, जागतिक संगीत दिन. संगीत सभागृहातून रस्त्यावर यावे म्हणून फ्रान्सने 1982मध्ये हा दिवस सुरू केला. नंदुरबारात ते केव्हाच रस्त्यावर आले आहे. वरातीपुढच्या बँडमधला क्लॅरिनेट 1700च्या सुमारास जर्मनीतल्या न्युरेम्बर्गमध्ये डेनर नावाच्या कारागिराने घडवला. सॅक्सोफोनचे पेटंट अ‍ॅडॉल्फ सॅक्सने 1846मध्ये घेतले. इंग्रजी पलटणींच्या बँडबरोबर अशी वाद्ये इकडे आली आणि आपल्या मंगलकार्यात रुळली. वाद्ये आपण आपलीशी केली. त्यांच्यामागचा इतिहास मात्र दूरच राहिला.

अकराव्या शतकात इटलीतल्या गीदो या साधूने आडव्या रेषांवर स्वर मांडण्याची रीत बसवली. गाणाऱ्या मुलांना नवी पदे लवकर यावीत, हा त्याचा हेतू. पुढे याच रेषांवर पाच-पाच, दहा-दहा सुरावटी एकाखाली एक लिहून एकाच वेळी वाजवणे शक्य झाले. कान गेलेला बेथोव्हन 1824मध्ये नववी सिंफनी देऊ शकला, तो याच लिपीच्या बळावर.

पण नुसत्या कागदाने भागत नाही. संगीतकार बाखने 1727च्या सुमारास लायप्झिगच्या चर्चसाठी रचलेले ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ त्याच्या मृत्यूनंतर विस्मरणात गेले. 1829मध्ये वीस वर्षांच्या मेंडेल्सोन या संगीतकाराने बर्लिनमध्ये गायक जमवले, तालमी घेतल्या आणि ते पुन्हा उभे केले. हस्तलिखित होते म्हणून रचना उरली. गाणारे गळे होते म्हणून ती जिवंत झाली.

ही विद्या आपल्याकडेही रुजली. गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी पिढ्यानपिढ्या पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवली. त्याच परंपरेतले वादक मुंबईच्या चित्रपटसंगीताचा कणा झाले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. 1935मध्ये मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करणाऱ्या मेहली मेहता यांचे पुत्र झुबिन जगभर वाद्यवृंद-संचालक म्हणून गाजले. आणि घराण्यांत, पेटाऱ्यांत अडकलेल्या बंदिशी विष्णु नारायण भातखंडे यांनी गोळा करून स्वरलिपीत छापल्या, तेव्हा त्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या हाती आल्या.

नंदुरबारकडे वाजवणारे हात आहेत. काठी गावच्या राजवाडी होळीत रात्रभर घुमणारे ढोल, सातपुड्यातली मांदळ, पावरी आणि बासरी, शहरातले बँडमास्तर: ही आपली श्रीमंती. बहुतेक चाली मात्र कानावरून कानावर चालत आल्या आहेत. जाणता वादक गेला की त्याच्याबरोबर त्याचा ठेका जातो. वरातीत डीजेच्या भिंती उभ्या राहिल्या, तसा बँडमास्तरचा शागीर्दही दुर्मीळ होतो आहे.

म्हणून आजच्या दिवशी आमची मागणी साधी आहे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी अक्कलकुवा आणि धडगावच्या पाड्यांवर जावे, वादकांच्या संमतीने, त्यांचे नाव आणि मानधन राखून, चाली ध्वनिमुद्रित कराव्यात, जमतील तितक्या स्वरलिपीत उतरवाव्यात. जिल्हा परिषदेच्या शाळांत आठवड्यातून एक तास या वादकांना शिक्षक म्हणून बोलवावे. युरोपला हे काम करायला शतके लागली. आपल्याकडे वाजवणारे आज हयात आहेत, ध्वनिमुद्रणाचे साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. कमी आहे ती इच्छेची, आणि ती आपल्याच हातची गोष्ट आहे.