हापूस, रायवळ आणि प्रतिरूप

स्कॉटलंडातील रोझलिन संस्थेत १९९६ साली डॉली नामक मेंढी जन्मास आली, तेव्हापासून ‘क्लोनिंग’ हा शब्द ऐकताच कित्येक सुज्ञ पालकांच्या कपाळी आठ्या पडतात. हे सृष्टिक्रमास सोडून आहे, असे त्यांचे म्हणणे. परंतु याच गृहस्थांच्या घरी वैशाखात हापुसाची पेटी येते, तिचे काय?

हापुसाची कोय पेरली तर हापूसच येईल असा भरवसा नाही; तीत दोन झाडांच्या गुणांची नवी सरमिसळ असते. यास्तव पोर्तुगीज अमदानीत गोव्याचे जेझुइट पाद्री आंब्यावर कलमे बांधू लागले. कोवळ्या रोपाच्या खुंटावर हापुसाची काडी बांधावी. ती जीव धरते आणि तिला येणारे फळ मूळ झाडासारखेच असते. म्हणजे रत्नागिरी-देवगडचे हापूस हे परस्परांची प्रतिरूपेच होत. पानफुटीचे पान मातीवर पडताच त्याच्या कडेस रोपे फुटतात, तीही तशीच. मग हे सृष्टीस निषिद्ध कोठे?

आमची तक्रार निराळी आहे. नक्कल गुणांची होते तशी उणिवांचीही होते. हापुसाचा गर आतून पांढरा व निःसत्त्व पडतो, त्यास साका म्हणतात. हा खोड कलमाबरोबर चालतच येतो. वेंगुर्ल्याच्या संशोधकांनी नीलम व हापूस यांचा संकर करून १९८१ साली ‘रत्ना’ काढला, तेव्हा साका नसलेले फळ मिळाले. केळ्याची कथा अधिक गंभीर. मध्य अमेरिकेतील ग्रो मिशेल जातीचे मळेच्या मळे एकसारखे; जो पनामा रोग एका झाडास मारी, तो सर्वांस मारी. १९६० च्या सुमारास ती जात व्यापारातून बहुतेक उठली व कॅव्हेंडिश कुळी आली. जळगावचे शेतकरी प्रयोगशाळेत वाढविलेली ग्रँड नैनची रोपे लावतात, ती याच कुळीची. आणि त्या रोगाचा नवा प्रकार बिहारपर्यंत येऊन ठेपला आहे.

प्रतिरूपांस आमचा विरोध नाही. त्यांच्या पाठीशी नानाविध बीजांचा साठा राहावा, एवढेच मागणे. आपल्या अंधेरीत इमारतीसाठी रायवळ आंबा तोडला, तर “आंबटच होता” म्हणून लोक मोकळे होतात. पण कोयीपासून वाढलेला रायवळ बहुधा जगात एकुलता एक असतो. शिवाय हापुसाचे कलमही सहसा रायवळाच्याच खुंटावर उभे असते, हे पेटी फोडणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. विद्यार्थ्यांनी आपल्या गल्लीतील रायवळास मोहोर कधी येतो, फळाची चव कशी, हे वहीत टिपून ठेवावे. झाड जाणारच असे ठरले, तर कुऱ्हाड पडण्यापूर्वी त्याच्या चार काड्या कलमास घ्याव्यात. त्या कामी कलमाइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.